तिजोरीची किल्ली आणि संगणकाची किल्ली

आमच्या वडिलांच्या काळी पेढीच्या तिजोरीला दोन कुलुपे असत. एकीची किल्ली दिवाणजींच्या कनवटीला आणि दुसरीची वडिलांच्या खिशात. दिवाणजी मोठे विश्वासू गृहस्थ होते. तरीही दुसरी किल्ली त्यांच्या हाती कधी गेली नाही व त्यांनीही ती कधी मागितली नाही. यात अविश्वास नव्हता. व्यवहाराची ती रीतच होती. आज आपली कीर्द, खतावणी, येणे-देणे, गोदामाची शिल्लक व जीएसटीची पत्रके ही सारी संगणकात जाऊन बसली आहेत. त्या संगणकाची किल्ली कोणाच्या हाती आहे, असे विचारले तर आपल्यापैकी पुष्कळांना उत्तर देता येणार नाही. याच विषयावर चार शब्द लिहिण्याचे मी योजले आहे.

माझे शिक्षण शालान्त परीक्षेपुरतेच झाले. बेळगावात ज्वारी, गहू व कडधान्ये यांचा घाऊक व्यापार करण्यात आयुष्य गेले. तेव्हा या विषयात मी अधिकारी नव्हे. परंतु ठेच लागलेल्या माणसाला वाटेवरचा दगड दाखविण्याचा अधिकार असतो, एवढ्याच आधारावर लिहितो.

२०१९ च्या दिवाळीपूर्वी आमच्या पेढीवर ईमेलने एक कागद आला. तो लॉरीभाड्याच्या बिलासारखा दिसत होता. वसुली पाहणाऱ्या मुलाने तो उघडला आणि अर्ध्या तासात सर्व फायली कुलूपबंद झाल्या. किल्ली हवी असल्यास पैसे पाठवा, असा मजकूर पडद्यावर आला. पेढीतील पाचही संगणकांना एकमेकांच्या फायलींत मोकळा शिरकाव होता. हिशेबाची दुसरी प्रत ज्या डिस्कवर होती, ती त्याच संगणकाला रात्रंदिवस जोडलेली असल्याने तीही बुडाली. ज्या तरुणाने हे सारे जोडून दिले होते, तो नोकरीनिमित्त परगावी गेलेला. राउटरचा पासवर्ड त्याच्याच डोक्यात. त्या दिवशी मला कळले, की माझ्या पेढीचा मालक मी नव्हतो.

पैसे आम्ही पाठविले नाहीत. काट्याच्या चिठ्ठ्या, लॉरीच्या पावत्या आणि दिवाणजींची स्मरणशक्ती यांच्या बळावर दोन महिन्यांचे येणे पुन्हा उभे केले. खानापूरकडील एक लहान दुकानदार आपण होऊन आला व म्हणाला, “शेटजी, तुमच्या वहीत नसलं तरी माझ्या वहीत आहे.” त्याने सांगितलेली रक्कम आम्ही जमविलेल्या आकड्याहून अधिक होती. असे ग्राहक लाभणे हे आपल्या वाडवडिलांचे पुण्य होय. परंतु आपली वही आपण सांभाळली नाही म्हणून ग्राहकाच्या सचोटीवर विसंबावे लागावे, यात भूषण नाही.

त्यानंतर आमच्या धाकट्या सूनबाईंनी हे काम हाती घेतले. पेढीतीलच एक जुना संगणक पुसून त्यांनी त्यावर लिनक्स बसविले. लिनक्स ही संगणक चालविणारी मूलभूत प्रणाली होय. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा आरंभ केला व पुढे जगभरच्या जाणकारांनी ती वाढविली. तिची घडण कोणालाही वाचता येते, बदलता येते, आणि तिच्यासाठी परवान्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. टेबलांवरचे संगणक पूर्वीप्रमाणे विंडोजवरच राहिले, कारण आमचा हिशेबाचा प्रोग्राम तिथेच चालतो. फक्त फायली लिनक्सच्या संगणकात गेल्या. या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणारा ‘साम्बा’ नावाचा प्रोग्राम आहे. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी तो १९९२ च्या सुमारास लिहावयास घेतला.

या प्रणालीची जी गोष्ट मला व्यापाऱ्याच्या दृष्टीने मोलाची वाटली, ती सांगतो. तिच्यात प्रत्येक फायलीला एक धनी असतो, एक गट असतो, आणि बाकीचे सर्व परके असतात. वाचावे कोणी, लिहावे कोणी, चालवावे कोणी, हे या तिघांसाठी वेगवेगळे ठरविता येते. गोदामवाल्याने गोदामाच्या फायलीत लिहावे, वसुलीवाल्याने ती फक्त वाचावी, आणि खतावणीस दोघांनीही हात लावू नये. आपल्या पेढ्यांतून हीच रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. या सर्वांवर ज्याची सत्ता चालते त्या खात्यास ‘रूट’ म्हणतात. ते रोजच्या कामाला वापरू नये. आमच्याकडे त्याचा पासवर्ड लाखबंद पाकिटात घालून तिजोरीत ठेवला आहे.

लिनक्स बसविले म्हणजे संकट टळले, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. उद्या तसाच कागद पुन्हा कोणी उघडला तर त्या माणसाला लिहिण्याची मुभा असलेल्या फायली आजही कुलूपबंद होतील. पण नुकसान तेवढ्यावर थांबेल, आणि कालची प्रत त्याच्या हाती लागणार नाही. सर्वांचे काम आटोपल्यावर रात्री अकरा वाजता लिनक्सचा संगणक स्वतःच नक्कल काढतो. वेळेवर काम करविणारा ‘क्रॉन’ आणि बदललेले तेवढेच उचलणारा ‘आरसिंक’ हे त्याचे दोन गुमास्ते. प्रत्येक दिवसाची प्रत निराळी राहते, आणि ती ज्या जागी राहते तेथे टेबलांवरच्या कोणत्याही संगणकाला वाट नाही. शिवाय दोन सुट्या डिस्का आळीपाळीने वापरून त्यांतील एक नेहमी घरी ठेवतो. पेढीला आग लागली तरी वही जळू नये, हा हेतू.

तारांच्या जाळ्यासंबंधीही थोडेसे. राउटर कारखान्यातून ज्या पासवर्डसह येतो तो त्याच दिवशी बदलावा. आल्यागेल्यांसाठी वायफाय निराळे ठेवावे. फायलींच्या संगणकास व छपाईयंत्रास कायमचा पत्ता द्यावा, म्हणजे सकाळची शोधाशोध वाचते. घरून काम करण्याच्या सोयीसाठी बाहेरच्या इंटरनेटला थेट दार उघडून देऊ नये. आणि कोणती तार कोठे जाते, कोणाचा पत्ता काय, डिस्क केव्हा बदलली, हे एका साध्या कागदी वहीत लिहून ठेवावे. जाणकार माणूस उद्या गेला तरी ज्ञान पेढीतच राहील.

यावर आक्षेप येतील. एक बंधू म्हणाले, “सारे क्लाउडवर टाका, म्हणजे कटकट मिटली.” दूरस्थ कंपनीकडे एक प्रत ठेवण्यास माझा विरोध नाही, परंतु पासवर्ड, वर्गणी आणि प्रत परत मिळविण्याची रीत आपल्याला ठाऊक नसेल, तर तिजोरी दुसऱ्याच्या घरी ठेवून किल्लीही त्यालाच दिल्यासारखे होईल. केंद्रीय जीएसटी कायद्याने हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपण्याची जबाबदारी घातली आहे, आणि ती व्यापाऱ्यावर आहे, कंपनीवर नव्हे. दुसरे बंधू म्हणाले, “फुकटच्या मालात सत्त्व ते काय?” माल फुकट आहे, राबणूक फुकट नाही. वेळोवेळी सुधारणा बसविणे, नोंदी पाहणे, डिस्क तपासणे यांसाठी जाणता माणूस हवा व त्याला योग्य मोबदला द्यावाच लागेल. परवान्याचे वाचलेले पैसे माणसावर खर्च करावेत, असे माझे मत आहे.

लहान पेढीला असा माणूस एकट्याने परवडत नाही, हे मी जाणतो. म्हणून आपल्या संघास माझी सूचना आहे, की सभासदांच्या मुलामुलींपैकी दोघा-तिघांना हे शिक्षण द्यावे, सुनांनाही वगळू नये, आणि त्यांच्याकरवी वर्गणीदार पेढ्यांची देखरेख व्हावी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. जे जुने संगणक नवी विंडोज घेत नाहीत, ते मोडीत काढण्यापूर्वी लिनक्ससाठी उपयोगी पडतात का, हे तरी या मुलांकडून पाहून घ्यावे.

शेवटी एक विनंती. नक्कल निघाली म्हणून निश्चिंत राहू नये. ती उघडते का, हे पाहिल्यावाचून ती नक्कल नव्हेच. आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक जुनी फाइल परत आणून ताडून पाहतो. निदान वहीपूजनाच्या आदल्या दिवशी प्रत्येक सभासदाने एवढे करावे. दुसऱ्या दिवशी वहीवर ‘शुभ-लाभ’ लिहिताना हात अधिक स्थिर राहील, हा माझा अनुभव आहे.