फॉर्म आधी, तयारी नंतर

"कुणाला घेऊन आलात?"

बारामतीतल्या एका शाळेचा व्हरांडा, डिसेंबरातली सकाळ. शेजारच्या बाकावर बसलेल्या एका आईने मला हा प्रश्न विचारला. आजूबाजूला आठ-दहा वर्षांची पोरं मांडीवर बोटं आपटत तीनताल घोकत होती. माझ्या हातात हॉल तिकीट, वय वर्षे ३८, केस पिकायला लागलेले.

"स्वतःलाच," मी म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. "हो का? बरं आहे की," एवढंच बोलून त्यांनी आपल्या मुलाची कॉलर सारखी केली. सहा वर्षं ज्या लाजेला मी भीत होतो, तिचा सगळा खेळ दहा सेकंदांत आटोपला!

ही परीक्षा म्हणजे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची तबल्याची 'प्रारंभिक'. सगळ्यात खालची पायरी. तिच्यावर प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारद, आणि शेवटी अलंकार. वर्षातून दोन सत्रं, एक एप्रिल-मेच्या सुमारास आणि दुसरं नोव्हेंबर-डिसेंबरला. वयाला वरची मर्यादा नाही. मर्यादा असते ती आपल्या डोक्यात, आणि आज मला तिच्याशीच भांडायचं आहे.

तर मंडळी, माझं म्हणणं सरळ आहे. तिशी-चाळिशीत तबला, पेटी, गाणं, कथक, जे काही शिकायला घेतलं असेल, त्याची पहिली परीक्षा 'तयारी झाल्यावर' देऊ नका. तयारी होण्याच्या आधी फॉर्म भरा. आणि तोही तळाच्या पायरीचा.

आता आक्षेप एकेक करून घेऊ. हे सगळे मी स्वतःच स्वतःला सांगितलेले आहेत, त्यामुळे तोंडपाठ आहेत.

पहिला आक्षेप, "अजून तयारी नाही." आपण सॉफ्टवेअरवाले लोक. ज्या प्रोजेक्टला रिलीजची तारीख नसते, त्याचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. कोड सुंदर होत जातो, फोल्डरची नावं तीनदा बदलतात, आणि वापरणारा एकही माणूस मिळत नाही. तबल्याचं अगदी तसंच. सहा वर्षांत मी दोन जोड्या घेतल्या, डग्ग्याची शाई बदलून आणली, लेहऱ्याचं अ‍ॅप विकत घेतलं, आणि एकच कायदा वाजवत राहिलो. 'तयारी' म्हणजे नक्की काय हे कुठे लिहिलेलंच नव्हतं, मग ती पूर्ण कशी होणार? उलट प्रारंभिकचा अभ्यासक्रम म्हणजे चक्क लिहिलेली रिक्वायरमेंट आहे. अमुक ताल, हातावर टाळी-खाली दाखवून ठेका म्हणणं, तो वाजवणं, तोंडी प्रश्न. संपलं.

दुसरा आक्षेप, "या वयात पोराटोरांत बसायचं?" याला आपण नम्रता समजतो, पण हा अहंकार आहे. पोरांना निदान कारण तरी असतं. दहावीला शास्त्रीय कलांचे सवलतीचे गुण मिळतात, म्हणून कित्येकांना आईवडिलांनी ढकलत आणलेलं असतं. आपल्याला कुणी ढकलत नाही. आपण फक्त हौसेने आलेलो असतो आणि लाजही आपणच बाळगून असतो! माझा एक जुना सहकारी अमेरिकेत असतो. चाळिशीत तो बर्फावरचं फिगर स्केटिंग शिकायला लागला. तिकडे प्रौढांसाठी वेगळ्या चाचण्या आहेत, प्री-ब्राँझ, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा चढत्या. १९९५ पासून प्रौढांच्या राष्ट्रीय स्पर्धाही होतात. तो भला माणूस प्री-ब्राँझला बसला, सगळ्यांदेखत आपटला, पुढच्या वेळी पास झाला. मला म्हणाला, "पडायची भीती होती, ती पडल्यावर गेली." आपल्याकडे तर आपटायला बर्फही नाही, सतरंजी आहे.

तिसरा आक्षेप, "मी थेट मध्यमाला बसतो, खालचं येतंच मला." हे बोलणारे सगळे हुशार असतात (मीही बोललो होतो). त्यावर उत्तर मला परीक्षकांनीच दिलं. मी तीनताल म्हणून दाखवला, ऐटीत, ठाय आणि दुगुन. ते म्हणाले, "आता खालीपासून सुरू करा." म्हणजे नवव्या मात्रेपासून. 'धा तिं तिं ता'ने सुरुवात करून पुढे समेवर यायचं. मी गप्प. सोळा मात्रांचा ताल सहा वर्षं वाजवला, पण तो मला एकाच दारातून आत जाता येत होता. शेजारच्या खोलीतल्या नऊ वर्षांच्या पोरीला हे येत होतं, कारण तिला ते पहिल्या सहा महिन्यांतच विचारलं गेलं होतं. आपणच लिहिलेला कोड आपणच तपासला की सगळं हिरवं दिसतं. बग सापडायला दुसरा माणूस लागतो, आणि तोही आपला मित्र नसलेला.

चौथा आक्षेप मात्र खरा आहे, त्याला टाळून चालणार नाही. "परीक्षेने कला मरते." आमचं गाव इंदापूर तालुक्यात. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरकडे निघते, बेलवाडीला गोल रिंगण होतं, मग निमगाव केतकी, इंदापूर, सराटी करत ती नीरा ओलांडते. या वाटेवरच्या गावांत पखवाज वाजवणारे असे हात आहेत की बोलायची सोय नाही. आमच्या भजनी मंडळातल्या तात्यांनी जन्मात परीक्षेचा फॉर्म पाहिलेला नाही. मी परीक्षा देतोय हे कळल्यावर त्यांनी विचारलं, "काय रं, परीक्षा कुणाची, तबल्याची का तुझी?"

मला उत्तर सुचलं नाही. नंतर बारामतीहून गाडीवर येताना सुचलं (उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलं की विचार करायला भरपूर वेळ मिळतो). तात्यांची परीक्षा दर एकादशीला असते. समोर साठ माणसं टाळ घेऊन बसलेली. लय हलली तर कुणी तोंडाने बोलत नाही, पण टाळ बोलतात. विणेकरी एकदा वळून बघतो. पन्नास वर्षं दर पंधरवड्याला परीक्षा देणाऱ्या माणसाला कागदाची काय गरज? पण तुमचं-माझं काय? हिंजवडीत अकराव्या मजल्यावर, दार लावून, कानात हेडफोन घालून आपण लेहऱ्याबरोबर वाजवतो. लय चुकली तर लेहरा वळून बघत नाही. ज्याला गाव आहे त्याने परीक्षा देऊ नये, खुशाल देऊ नये. ज्याला गाव उरलेलं नाही त्याने वर्षातून दोनदा ते पैसे भरून उभं करावं. माझ्यासाठी परीक्षेचा अर्थ एवढाच.

शिवाय ही परीक्षा आली कुठून तेही बघा. कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तोवर हे शिक्षण मिळवायचं तर उस्तादाची किंवा बुवांची मर्जी, त्यांच्या घरची सेवा आणि नशीब लागायचं. पलुस्करांनी वर्ग आणला, फी आणली, क्रम आणला. १९३१ मध्ये ते गेले, त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी मंडळ उभं केलं. १९३२ मध्ये विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात विद्यालय सुरू केलं. ज्यांच्या घरात गाणं नाही अशा माणसांसाठी हा जिना बांधला गेला. माझ्या घरात ऊस होता, तबला नव्हता. म्हणजे तो माझ्यासाठीच बांधलेला होता, आणि मी सहा वर्षं खाली उभा राहून पायऱ्या मोजत होतो.

आता मुद्द्याचं बोलतो. आतापर्यंत टाळत होतो.

माझे गुरुजी बारामतीला राहतात, निवृत्त शिक्षक. मी शनिवारी पुण्याहून गावी जाताना त्यांच्याकडे थांबायचो. सत्राचे फॉर्म सुटले की ते दर वेळी विचारायचे, "काय साहेब, भरायचा का या वेळी?" मी म्हणायचो, "पुढच्या सत्राला नक्की, गुरुजी." सहा वर्षांची बारा सत्रं झाली. बारा वेळा विचारलं, बारा वेळा तेच उत्तर. ते कधी रागावले नाहीत. मला पुढे जायचं नव्हतं म्हणून तेही पुढे गेले नाहीत. तोच कायदा, तेच पलटे. "पक्कं होऊ दे," मी म्हणायचो, आणि ते मान हलवायचे.

मग एका पावसाळ्यात त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. वाचा हळूहळू आली, हात आला नाही.

आता ते खुर्चीत बसून बोल म्हणतात, डाव्या हाताने टाळी-खाली दाखवतात. रेला तोंडाने म्हणतात, स्पष्ट म्हणतात. पण तो बोटांतून कसा निघतो, 'तिरकिट' जोरात घेताना मनगट किती ढिलं ठेवायचं, ते त्यांच्या उजव्या हातात होतं. ते मला दाखवायला ते सहा वर्षं तयार बसले होते, आणि मी माझ्या तयारीची वाट बघत होतो. आता त्यांची एक विद्यार्थिनी हात दाखवते. वय १९, मध्यमा पूर्ण झालेली. मी तिला ताई म्हणतो. छान शिकवते. पण तिचा हात तिचा आहे.

'कधी द्यावी परीक्षा' या प्रश्नात आपण फक्त आपलंच कॅलेंडर बघतो. शिकवणाऱ्याचंही एक कॅलेंडर असतं. ते आपल्याला दिसत नाही, आणि त्याला एक्स्टेन्शन मिळत नाही.

मग नेमकं कधी? माझा नियम सांगतो. लेहऱ्याबरोबर तीनतालाचा साधा ठेका न मोडता, न पळता पाच मिनिटं धरता आला, की येणाऱ्या सत्राचा फॉर्म भरायचा. तारीख ठरल्यावर जी तयारी होते ती आधी होत नाही, कितीही प्रामाणिक असलात तरी. बहुतेकांना त्या पाच मिनिटांपर्यंत यायला सहा महिने ते वर्ष पुरतं. हात दुखावला असेल तर थांबा. गुरू स्वतःहून "थांब" म्हणाले तर थांबा. फक्त फेसबुकावर सर्टिफिकेट टाकायचं असेल तर मुळीच देऊ नका, ते पैसे चांगल्या मैफिलीच्या तिकिटाला वापरा. बाकी सबबी माझ्या वापरून झालेल्या आहेत, नवीन शोधा.

प्रारंभिकचा निकाल आला तेव्हा मी तो घेऊन गुरुजींकडे गेलो. त्यांनी कागद डाव्या हातात धरून नीट वाचला. म्हटलं आता काहीतरी बोलतील.

"खालीपासून येतं का आता?" त्यांनी विचारलं.

म्हणून दाखवलं. एकदा अडखळलो. त्यांनी डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटला आणि म्हणाले, "परत."

असो. प्रवेशिका प्रथमही झाली, आता पूर्णचा फॉर्म भरलाय. झपतालाची दुगुन अजून पळते, आणि या वेळी लेखी पेपरही आहे. तयारी? अजिबात नाही.