सुरी कोणाच्या हाती, जबाबदारी कोणाच्या माथी?

चामोर्शीच्या ग्रामीण रुग्णालयातून पेशंट गडचिरोलीला जातो, तिथे झेपले नाही तर चंद्रपूर नाहीतर नागपूर. ही वाट तालुक्यातल्या घराघराला पाठ झाली आहे. मोठ्या सरकारी दवाखान्यात एक छापील कागद पुढे केला जातो आणि त्यावर अंगठा उमटतो. त्यावर काय लिहिले आहे हे सहसा कोणी वाचून दाखवत नाही. ऑपरेशन कोण करणार, वीस वर्षे सुरी धरलेला प्राध्यापक की सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेला रेसिडेंट, हे विचारण्याची तर कोणाची छातीच होत नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये गडचिरोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. त्याआधीच, 2020 च्या नियमांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे बंधनकारक केले. म्हणजे शिकणारा सर्जन आता आपल्याच दारात आला आहे. त्याचे आम्ही स्वागतच करतो. आईच्या पोटातून कोणी सर्जन होऊन येत नाही, पहिले अपेंडिक्स आणि पहिले सीझर कोणावर तरी होणारच. प्रश्न इतकाच की हा 'कोणावर तरी' बहुतेक वेळा जनरल वॉर्डातला गरीबच का? ज्याच्या खिशात पैसा आहे तो सर्जनचे नाव बघून दवाखाना निवडतो. शिक्षणासाठी देह मात्र दलित, आदिवासी, भूमिहीन मजुराचा!

आता याच नाण्याची दुसरी बाजू बघा. डॉ. पायल तडवी. जळगावची आदिवासी लेक, मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. 22 मे 2019 रोजी तिने जीवन संपवले. जातीवरून छळ झाला, प्रसूती आणि शस्त्रक्रियेच्या कामापासून तिला दूर ठेवले गेले, ही तिच्या कुटुंबाची तक्रार. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. पण ही तक्रार ऐकून आमच्यातल्या किती डॉक्टर मुलामुलींना आपलेच दिवस आठवले असतील! ओटीत उभे राहायचे ते फक्त रिट्रॅक्टर धरायला, टाके घालायची पाळी आली की दुसऱ्याचे नाव पुकारले जायचे. आणि तीन वर्षांनी हात बसला नाही की म्हणायचे, हे आरक्षणवाले असेच! टेबलावर आडवा पडलेला आमचा आणि सुरी नाकारली जाते तीही आमच्याच लेकराला. म्हणून 'शिकाऊंना हात लावू देऊ नका' असली सोपी मागणी आम्हाला करता येत नाही, आणि करायचीही नाही.

कायदा काय म्हणतो? स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या खटल्यात 1998 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कनिष्ठाला काम झेपणार नाही हे ठाऊक असूनही वरिष्ठाने ते सोपवले, तर तो वरिष्ठाचाच निष्काळजीपणा ठरू शकतो. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने विल्शर प्रकरणात 1986 साली आणखी एक बाजू मांडली. शिकाऊ आहे म्हणून काळजीची पातळी खाली येत नाही. मात्र अडचण ओळखून ज्याने वरिष्ठाला वेळेवर बोलावले, त्याने आपले कर्तव्य बजावले असे धरता येते. वकील म्हणून आम्हाला यात फार शहाणपण दिसते. पण रात्री दोन वाजता हाक मारली तर वरिष्ठ येतो का? की 'एवढेही जमत नाही?' म्हणून फोन आपटतो? शिव्या खाव्या लागणार हे माहीत असलेला पोरगा हाक मारायला कचरतो आणि रक्त मात्र पेशंटचे जाते.

2008 च्या समीरा कोहली निकालाने सांगितले की पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती खरी नाही. सुरी कोणाच्या हाती असेल हे सांगावे, असे त्या निकालात लिहिलेले नाही. आमच्या मते ते त्या माहितीतच मोडते.

देखरेखीने काय होते याचा पुरावा बघायला गडचिरोलीबाहेर जाण्याची गरज नाही. 'सर्च' संस्थेने याच जिल्ह्यातल्या 39 गावांत पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना नवजात बाळांवर उपचार करायला, गरज पडल्यास इंजेक्शन द्यायलाही शिकवले. शिकवून सोडून दिले नाही, डॉक्टर नियमित जाऊन काम तपासत होते. 1999 साली 'लॅन्सेट' नियतकालिकात आलेल्या आकड्यांनुसार जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आले. गावातल्या बाईला टप्प्याटप्प्याने विश्वास आणि पाठीशी माणूस देता येतो, मग एमबीबीएस झालेल्याला का देता येऊ नये?

पदव्युत्तर विद्यार्थ्याला लॉगबुक ठेवावे लागते. किती केसेस पाहिल्या, किती असिस्ट केल्या, किती देखरेखीखाली केल्या, किती स्वतंत्रपणे, हे त्यात असते. महाविद्यालयांनी या नोंदी एकत्र करून कोणत्या प्रवर्गाच्या विद्यार्थ्याला किती शस्त्रक्रिया मिळाल्या ते दरवर्षी जाहीर करावे. पायलसारखी तक्रार आली तर बोलण्याऐवजी कागद दाखवता येईल. प्रत्येक ऑपरेशनच्या नोंदीत देखरेख करणाऱ्या वरिष्ठाचे नाव असावे, तो ओटीत होता की घरी, हेही असावे. आणि संमतीपत्रावर ऑपरेशन करणाऱ्याचे आणि त्याच्या वरिष्ठाचे नाव आधी भरलेले असावे, अंगठा त्यानंतर. चामोर्शी तालुक्यात मराठी बोलणारे आहेत तसे गोंडी आणि बंगाली बोलणारेही आहेत. गडचिरोलीची पहिली तुकडी इंटर्न म्हणून वॉर्डात येण्याआधी तो कागद या तिन्ही भाषांत वाचून दाखवणारा माणूस तिथे नेमलेला असला पाहिजे.