ध्वनिक्षेपकांची झडती

ध्वनिक्षेपकांच्या प्रदर्शनात आरोपीलाच आपले साक्षीदार निवडण्याची मुभा असते. कोणती तबकडी लावायची, ती किती मोठ्याने वाजवायची आणि तिचा नेमका कोणता तुकडा संपला की घाईघाईने पुढच्या तबकडीकडे वळायचे, हा सारा कारभार विक्रेत्याच्या मुखत्यारीत असल्यामुळे, ज्या दालनात शिरावे तेथे कुठल्या तरी परदेशी गायिकेचा मायक्रोफोन ओठांशी धरून कुजबुजलेला आवाज, त्यामागे एखादी गिटार, आणि श्रोता जरा सैलावला की अंगावर येणारे खोल तालवाद्याचे चारदोन आघात, असा ठरीव कार्यक्रम कानी पडतो. आणि या कार्यक्रमात नापास झालेला ध्वनिक्षेपक निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

मुंबईतील एका मोठ्या हॉटेलात मध्यंतरी भरलेल्या अशाच एका प्रदर्शनाला जाण्याचा योग आला, तेव्हा मी माझी स्वतःची साक्ष बरोबर नेली होती: तानपुऱ्यांची जोडी, तीवर विलंबित लयीतला ख्याल आणि तबला, एवढेच ज्यात आहे असे एका घरगुती बैठकीचे ध्वनिमुद्रण. सोबतीला आले होते चिंचवडचे आमचे शेजारी, जे भोसरीच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले आणि ज्यांना, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, गाण्यातले ओ की ठो कळत नाही.

पण ऐकण्यातले कळते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर ज्या मुलखात सातबाऱ्यावरची ज्वारी-बाजरी हटून कारखान्यांची नावे चढत गेली, त्या आमच्या पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या टापूत कानाचे एक निराळेच शिक्षण होत असते, आणि ते कोणत्याही गायनशाळेच्या अभ्यासक्रमात नाही. लांबशा स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे, मूठ कानापुढच्या हाडाशी दाबायची, आणि आतल्या गोळ्या सुरळीत फिरत आहेत की एखादीला चरा पडला आहे याचा निवाडा मशीन न उघडता करायचा, हे काम आमच्या शेजाऱ्यांनी उभी नोकरी केले. ‘बेअरिंग बोलायला लागलंय’ असे ते म्हणत, आणि मेंटेनन्सवाले निमूटपणे पान्हे घेऊन येत. संगीताचा रसिक सौंदर्य शोधण्यासाठी कान देतो, तर कारखान्यातला माणूस दोष शोधण्यासाठी. यंत्राची परीक्षा करायची असेल तेव्हा या दोहोंपैकी कोणता कान अधिक कामाचा, हे सांगायला नकोच.

या शिक्षणाची फीही कानानेच भरावी लागते, ही गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा नियमात घातलेली असली, तरी प्रेस शॉपमध्ये वर्षे काढलेल्या माणसाच्या कानाची झीज बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते, आणि आमच्या शेजाऱ्यांच्या श्रवणतपासणीच्या आलेखावर नेमका तेथेच खळगा पडलेला आहे. परंतु त्याबद्दल त्यांना कमी लेखण्याचा अधिकार त्या दालनांत कोणालाच नव्हता. तेथे डोळे मिटून मान डोलावणारी बहुतेक मंडळी पन्नाशी-साठी उलटलेली होती, आणि त्या वयात १२-१४ हजार हर्ट्झच्या वरचा मुलूख बहुतेकांच्या ताब्यातून निसटलेला असतो. तरीही त्याच मुलखातील ‘हवेशीरपणा’विषयी मोठ्या अधिकारवाणीने चर्चा चालली होती.

पहिल्याच दालनात पुरुषभर उंचीचे, अंगावर चार-पाच शंकू मिरवणारे स्तंभ उभे होते आणि २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचा सारा श्राव्य प्रदेश त्यांच्या अमलाखाली असल्याचे माहितीपत्रकात लिहिले होते. त्या खोल तालवाद्याचा आघात झाला तेव्हा खुर्चीच्या पाठीतून तो मणक्यापर्यंत पोचला हे खरे. पण त्याबरोबर कोठून तरी एक बारीक करकर उमटली. आमचे शेजारी उठले. त्यांनी आधी एका स्तंभाच्या बाजूवर तळहात ठेवला, मग मान वर करून छताकडे पाहिले आणि विक्रेत्याला शांतपणे म्हणाले, “अहो साहेब, तुमचा स्पीकर ठीक आहे. वरची एसीची जाळी वाजतेय.” खुर्चीवर चढून कोणीतरी जाळी दाबून धरली आणि करकर थांबली. पाच मीटर लांबीच्या खोलीत ३४ हर्ट्झच्या आसपासचा स्वर दोन भिंतींच्या मध्ये उभा राहून माजतो, हे साधे गणित आहे. आणि हॉटेलातल्या शयनगृहांतून पलंग काढून ही दालने सजवलेली असल्यामुळे श्रोते ज्याला ध्वनिक्षेपकाचा पराक्रम समजत होते, त्यातला बराचसा वाटा भिंतींचा होता.

मग मी माझे ध्वनिमुद्रण लावण्याची विनंती केली. विक्रेत्याने ती ज्या चेहऱ्याने मान्य केली, त्याचे वर्णन मी करत नाही.

तानपुरा हा परीक्षक म्हणून निर्दय आहे. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्यातील खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा. डग्गाही साधारण त्याच्याच शेजारपाजारी राहतो. म्हणजे ख्यालाच्या बैठकीचा तळ तेवढ्यावरच लागतो, आणि त्याच्याखालची जी दीड-पावणेदोन सप्तके गाठण्यासाठी हे स्तंभ उभारलेले असतात, ती पाश्चात्त्य चर्चमधील महाकाय ऑर्गनसाठी आणि चित्रपटातील स्फोटांसाठी राखीव आहेत. आपल्या संगीताची खरी कसोटी वरच्या अंगाला लागते. जवारीचा दोरा नेमका बसला म्हणजे एका तारेतून स्वरांशांची जी वलये उठतात, ती कित्येक हजार हर्ट्झपर्यंत चढत जातात, आणि तबल्याच्या शाईमुळे त्याचे उपस्वर तंतुवाद्यासारखे सुरेल पूर्णांक-पटींत बसतात, हे तर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० सालीच दाखवून दिले होते. एवढे सुसंगत कुटुंब दोन-तीन शंकूंत वाटून द्यायचे, तर वाटणीची हद्द कोठून जाते याला महत्त्व येते. आणि ती बहुधा दोन-तीन हजार हर्ट्झवरून, म्हणजे मानवी कान जेथे सर्वांत तिखट असतो अशाच जागेवरून जाते.

त्या स्तंभांवर ही हद्द ऐकू आली. खर्ज भरदार होता, किंबहुना गरजेहून अधिक. पण जवारीची झार त्याच्यापासून सुटून हातभर वर, जेथे उंच स्वरांसाठीचा छोटा ट्वीटर बसवला होता तेथे, स्वतंत्रपणे लटकत होती. ‘ना’ एका उंचीवरून आणि ‘घे’ दुसऱ्या उंचीवरून येत असल्यामुळे तबलजी एक नसून दोन असावेत असा भास होत होता. खोली मोठी असती आणि मी आणखी चार हात मागे बसलो असतो, तर कदाचित हे दोघे एक झाले असते.

त्याच मजल्यावर, कोपऱ्यातल्या एका रिकाम्याशा दालनात, एकाच शंकूवर सारा भार टाकणारे फुल-रेंज ध्वनिक्षेपक होते: वीतभर रुंदीचा कागदी शंकू, त्याच्या मध्यभागी उंच स्वरांसाठी चिकटवलेला दुसरा चिमुकला शंकू, आणि पाठीमागचा आवाज लाकडी पेटीतल्या वळणावळणाच्या नळीतून फिरवून पुढे आणण्याची व्यवस्था. ही जोडशंकूची कल्पना नवी नव्हे. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये पॉल व्हॉइट नावाच्या अभियंत्याने ती रूढ केली, आणि पुढे लाउदर कंपनीने तिच्यावर आपले नाव उभे केले. येथे तानपुरा लागला आणि तो एका भोपळ्यातून, एका जागेवरून, एका देहाने बोलला. गवय्याचा ‘आ’कार फिरत वर गेला तेव्हा मध्ये कोठेही त्याने कपडे बदलले नाहीत.

दोषही तितकेच स्पष्ट होते. डग्ग्यावर घासून काढलेली मींड तळाशी जाताना पातळ पडत होती, श्रोत्याने मान दोन वीत बाजूला कलंडवली की वरची झळाळी विझत होती, कारण वीतभर शंकूला तीन-साडेतीन सेंटिमीटरची ध्वनिलहर चौफेर उधळणे निसर्गतःच जमत नाही. आणि कोणीतरी मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाची तबकडी लावताच साऱ्याचा काला झाला. आमच्या शेजाऱ्यांना मी मत विचारले. “याचं एकच बेअरिंग आहे, पण सरळ फिरतंय,” असे ते म्हणाले.

एका शंकूची ही आवड आपल्याकडच्या जुन्या पिढीला बाळपणापासूनच लागलेली असावी. १९५३ साली पुण्याचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले, आणि १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर दर आठवड्याला गीतरामायण घरोघर ऐकले गेले, ते रेडिओच्या जाळीदार कापडामागील एकाच कागदी शंकूतून. मध्यम लहरींच्या त्या प्रक्षेपणात चार-पाच हजार हर्ट्झच्या वर फारसे काही उरत नसे, आणि तरीही सुधीर फडक्यांचा शब्द न् शब्द स्वच्छ पोचत होता, याची साक्ष देणारे लोक अजून हयात आहेत.

याचा अर्थ आपण रेडिओवरच थांबलो असा नव्हे. पुण्याच्याच केडन्स या कंपनीने नेहमीचा शंकू आणि विद्युत्भारित पातळ पडदा यांचा संयोग साधणारे ध्वनिक्षेपक बनवून परदेशच्या बाजारात नेले. चाकणला हार्मन कंपनीचा कारखाना मोटारींसाठी श्राव्य-यंत्रणा तयार करतो, आणि तेथल्याच महिंद्राच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या विजेच्या मोटारीत १६-१६ स्पीकर बसवलेले असतात. ज्या टापूत ध्वनीचा एवढा व्यापार चालतो, जेथे गाडीच्या दाराचा आवाज नेमका कसा यावा यासाठी अभियंते पगार घेतात, तेथील माणसाला चांगला ध्वनिक्षेपक ऐकायला मात्र मुंबईच्या हॉटेलात जावे लागावे, हे विचित्र आहे.

म्हणून प्रदर्शनांच्या चालकांपुढे माझी ही दरखास्त. पुढील खेपेस हॉटेलची शयनगृहे सोडा आणि चिंचवडच्या ऑटो क्लस्टरच्या दालनांत या. एका शंकूचे आणि पाच शंकूंचे ध्वनिक्षेपक एकाच खोलीत, पडद्याआड, सारख्या आवाजावर ठेवा, आणि तबकडी निवडण्याचा हक्क श्रोत्याला द्या. वेळ मात्र चारच्या पुढची ठेवावी. पहिली पाळी तीन-साडेतीनच्या सुमारास सुटते.