वायरिंगचे ड्रॉइंग कशात काढावे?

मुंबईत चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेले सहा आसनी विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले. त्याची नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडला आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडाले ऑगस्ट २०२० मध्ये. घरी बांधलेल्या विमानाचा विषय निघाला की लोक इंजिन कुठून आणले, पंख कसे जोडले एवढेच विचारतात. आपल्या धंद्यातला माणूस मात्र आधी डॅशबोर्डच्या मागे डोकावेल. तिथे त्याला ओळखीचाच पसारा भेटेल: फ्यूज, स्विच, कॉन्टॅक्टर, लग आणि वायरींचे जुडगे.

तुमसर-मोहाडीकडे राईस मिलचे पॅनेल बांधणाऱ्यांना विमानाचे काय, असे कुणी म्हणेल. मिलचा एलिव्हेटर बंद पडला तर हमाल सावलीत बसून बिडी पेटवतात आणि वायरमन येईपर्यंत थांबतात. विमानाला तशी मुभा नाही, म्हणून तिथली ड्रॉइंगची शिस्त कडक आहे आणि सॉफ्टवेअर निवडताना ती कसोटी म्हणून फार उपयोगी पडते.

आपल्याकडे ड्रॉइंग म्हटले की ऑटोकॅड. आयटीआयमध्ये तेच हाताखालून गेलेले असते आणि कॉपी बऱ्याचदा कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेली असते. साध्या ऑटोकॅडला, किंवा फुकट मिळणाऱ्या लिब्रेकॅडला, वायर म्हणजे काय ते ठाऊकच नसते. त्याच्या लेखी ती एक रेघ. फ्यूजचे चिन्ह उचलून दुसरीकडे ठेवले की रेघ जागच्या जागी लोंबकळत राहते आणि फेरूल नंबर तिसरीकडेच. ऑटोकॅड इलेक्ट्रिकलला वायर कळते, पण त्याचे वार्षिक भाडे लहान पॅनेलवाल्याला झेपणारे नाही. अमेरिकेत घरी विमान बांधणारे लोक बॉब नकोल्स यांच्या विमानाच्या वायरिंगवरच्या पुस्तकातली तयार ड्रॉइंग समोर ठेवतात. ती ऑटोकॅडच्या फाईलमध्ये मिळतात, त्यामुळे तेही पुन्हा त्याच वाटेला लागतात.

एक लँडिंग लाइट घेऊ. १०० वॅटचा दिवा, १४ व्होल्ट, म्हणजे साधारण ७ अँपिअर. १० अँपिअरचा फ्यूज आणि १८ गेजची वायर. आपल्या भाषेत ती जेमतेम ०.८ स्क्वेअर एमएम. अमेरिकन गेजमध्ये आकडा वाढला की वायर बारीक होते, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावे. विमानाच्या जुन्या पद्धतीत या वायरचा नंबर एल१ए१८ असा पडतो. एल म्हणजे लाइटिंग, १ हा सर्किटचा क्रमांक, ए हा तुकडा, १८ हे गेज. स्विच ओलांडला की तुकडा बदलतो आणि नंबर एल१बी१८ होतो. दिव्यापासून ग्राउंडकडे परतणारी वायर एल१सी१८एन. फेरूल वाचूनच वायर कुठली, कशाची, किती जाडीची ते कळते. आपल्या पॅनेलमध्ये १, २, ३ असे नंबर टाकून आपण यातले किती गमावतो, ते जुन्या मिलचे पॅनेल उघडणाऱ्याला विचारा.

आता असे ड्रॉइंग काढायला पुष्कळजण कायकॅड सुचवतात. फुकट आहे, दमदार आहे, १९९२ पासून चालत आले आहे, पुढे सर्न या संशोधन संस्थेनेही त्याला हात दिला. पण ते मुळात पीसीबीसाठी आहे आणि तिथेच घोळ होतो. एकाच बिंदूला जोडलेले सगळे काही कायकॅडच्या हिशेबी एकच ‘नेट’. फ्यूजवरून निघालेली वायर आधी पहिल्या स्विचला जाते आणि तिथून लूप मारून दुसऱ्याला, की फ्यूजपासूनच दोन वेगळ्या वायरी निघतात, हे त्याला सारखेच. वायर कापणाऱ्याला मात्र नेमके तेच हवे असते. ग्राउंडचे चिन्ह तर आणखी फसवे. धातूच्या विमानात बॉडीच परतीचा रस्ता होऊ शकते. पण १९९९ पर्यंत आपल्याच भंडारा जिल्ह्यात असलेल्या बिरसीच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकांनी चालवलेली डायमंड डीए-४० विमाने धातूच्या नव्हे, कंपोझिट बॉडीची आहेत. अशी बॉडी घरी बांधली तर परतीची प्रत्येक वायर खरोखर ओढावी लागते. कागदावर तीन आडव्या रेघा मारून ती अदृश्य केली की वायरींची यादी तेवढ्याने कमी भरते.

आमचा कौल क्यूइलेक्ट्रोटेकला. तेही फुकट, आणि मुळातच इलेक्ट्रिकल ड्रॉइंगसाठी. दोन टर्मिनलांमधला कंडक्टर ते स्वतंत्र धरते आणि चिन्ह सरकवले की कंडक्टर मागे येतो. कॉइल एका पानावर आणि तिचा कॉन्टॅक्ट दुसऱ्यावर असेल तर परस्परांचे पत्ते आपोआप छापते. एका पोटेन्शियलच्या सगळ्या कंडक्टरना एकच नंबर देण्याचा पर्याय त्यात आहे. विमानाच्या पद्धतीने नंबर टाकायचे तर तेवढा तो बंद ठेवावा. फाईल साधा मजकूर असते, म्हणून प्रोग्राम नसलेल्या कॉम्प्युटरवरही नोटपॅडमध्ये उघडून नंबर शोधता येतो. मराठीत लिहिलेली नावेही नीट उमटतात. ऑटोकॅडच्या जुन्या फॉण्टमध्ये देवनागरीची प्रश्नचिन्हे झालेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याची किंमत कळेल.

उणे बाजूही आहे. विमानाला लागणारी काही चिन्हे स्वतः बनवावी लागतात आणि त्यात पहिला आठवडा जातो. थ्रीडीत हार्नेस मांडणे वगैरे त्याच्या आवाक्यात नाही. कायकॅड ज्याच्या हाताखाली आधीच बसले आहे त्याने ते सोडायचे कारण नाही, फक्त ग्राउंडची प्रत्येक वायर टर्मिनल दाखवून काढावी आणि लूप कसा मारला ते पानावर लिहावे.

निवड पक्की करण्याआधी जुन्या वहीतले एखादे डीओएल स्टार्टरचे ड्रॉइंग काढा आणि तेच कायकॅड आणि क्यूइलेक्ट्रोटेक या दोन्हीत उतरवून पाहा. मग ओव्हरलोड रिले दुसऱ्या पानावर हलवा, एक वायर मध्ये तोडून टर्मिनल घाला आणि ए-फोरवर काळ्या-पांढऱ्यात छापा. रंग गेल्यावरही वायर ओळखू येत नसेल तर रंग शब्दांत लिहायला हवा. एका पानावर एकच सर्किट, फ्यूजपासून ग्राउंडपर्यंत. खालच्या चौकटीत बदलाची तारीख टाका आणि पॅनेलच्या दारामागे चिकटवलेला जुना कागद त्याच दिवशी काढा.