डोंगरची माती कुणी राखायची?



मिरगाचा मोठा पाऊस झाला की आपल्या बालाघाटच्या डोंगरावरून गढूळ लोंढा खाली येतो. वढ्याला पूर आला म्हणून पोरं बघायला पळतात. त्या लोंढ्यात आपलंच वावर वाहून चाललेलं असतं.

ही माती जाते कुठं? तेरणेच्या अंगाची माती तेरणेतून मांजरेत जाते. मांजरेवर निजामाच्या राजवटीत, 1931 साली, निजामसागर धरण पुरं झालं. ते गाळानं इतकं भरत गेलं की पुढं त्याची उंची वाढवावी लागली. त्यातून सुटलेली माती कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते आणि आंध्रात समुद्राला जाते. तिथं नदीचा जोर मरतो, माती खाली बसते. अशी वर्षानुवर्षं बसूनच कोनसीमेचा भाताचा आणि नारळाचा मुलूख तयार झाला. रेती लाटांनी किनाऱ्याच्या कडेनं सरकवली, तिचा काकीनाड्यासमोर लांबलचक दांडा झाला. त्याला होप बेट म्हणतात. त्याच्या आडोशाला काकीनाड्याचं बंदर आहे.

कुणी म्हणेल, मग जाऊ द्या की माती, तिकडं कुणाची तरी जमीन होते. पण आता तसंही होत नाही. वाटेतली धरणं माती अडवतात, किनाऱ्याला ती कमी पोचते आणि किनारा झिजतो. काकीनाड्याजवळच्या उप्पाडा गावात कोळ्यांची घरं समुद्रानं नेली. म्हणजे आपलं वावर उघडं पडलं, धरण गाळानं भरलं, आणि समुद्राकाठचा गरीबही उठला.

हापिसात गेलं की आम्हाला ऐकवतात, तुम्ही जंगलात राहता म्हणून डोंगर धुपतात. आमचं म्हणणं साधं आहे. ज्या जमिनीवरून कधी हुसकावतील याचा नेम नाही, तिथं दगड वाहून बांध कोण घालील? पट्टा हातात आला तर माणूस दहा वर्षांचा विचार करतो, झाड लावतो, ताल घालतो.

वनहक्क कायदा 2006 हेच सांगतो. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आदिवासी कसत असलेल्या वनजमिनीचा, चार हेक्टरपर्यंत, हक्क तो मान्य करतो. आणि कलम 5 प्रमाणं पाणलोट आणि पाण्याच्या जागा राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. म्हणजे डोंगर राखणारे आपणच, हे कायद्यातच लिहिलेलं आहे.

म्हणून या पावसाळ्याआधी प्रत्येक गावानं ग्रामसभा बोलवावी. वनहक्क समितीकडं राहिलेले दावे द्यावेत, पोच घ्यावी. त्याच बैठकीत ठराव करावा: आपल्या डोंगरावर समतल चर आणि दगडी बांध रोजगार हमीतून घ्या, जागा ग्रामसभा दाखवील. ठरावाची नक्कल गावाकडं ठेवा. बायांना बैठकीला आणा, कारण झरा कुठं आटला हे त्यांना आधी कळतं.