शिकवणी पुरे, आता खेळू द्या!

मे महिन्यात नातवंडं पुण्याहून गडहिंग्लजला आली ती 'क्वर्कल' नावाचा खेळ घेऊनच. पिशवीत लाकडी ठोकळे, बरोबर १०८. "अगंबाई, जपमाळेएवढे!" म्हणत आमची ही मांडी घालून बसलीसुद्धा.

खेळ अगदी सोपा. पट नाही, फासे नाहीत. रंग सहा, आकार सहा, प्रत्येक नमुन्याचे तीन ठोकळे. आकारांत आपल्या ओळखीचे चौकट आणि किलवरही आहेत. हातात सहा ठोकळे घ्यायचे आणि जमिनीवर ओळी लावायच्या. ओळीत रंग एक असेल तर आकार सगळे वेगळे. आकार एक असेल तर रंग वेगळे. जितक्या ठोकळ्यांची ओळ तितके गुण. सहावा लावून ओळ पुरी करणाऱ्याला मात्र दुप्पट, म्हणजे बारा! सुसान मॅकिन्ली रॉस या अमेरिकन बाईंनी तो तयार केला, २००६ साली बाजारात आला आणि २०११ मध्ये जर्मनीत 'वर्षातला उत्तम खेळ' ठरला. वाचायला एक अक्षर नाही, त्यामुळे पहिलीतलं पोर आणि सत्तरीची आजी एकाच पंगतीत.

पण माझ्यातला मास्तर गप्प बसेल तर ना! हिच्याकडे ओळीतला पाचवा ठोकळा होता. मी म्हटलं, "अगं, तो लाव की, पाच गुण मिळतील." ही म्हणाली, "अहो, आणि पुढचे बारा तुम्हाला?" बदाम सातमध्ये पत्ता दाबून ठेवणारी बाई ती! जी मला चूक वाटली तीच तिची चाल होती.

इथवर हसण्यावारी गेलं. नंतर धाकट्याकडे लक्ष गेलं. प्रत्येक ठोकळा लावण्याआधी तो माझ्या तोंडाकडे बघत होता, बरोबर की चूक म्हणून. वर्गात अशी नजर मी वर्षानुवर्षं पाहिली. तेव्हा तिला मी शिस्त म्हणायचो. आज घरच्याच पोराच्या डोळ्यांत ती दिसली आणि खरं सांगतो, बरं वाटलं नाही.

माझं मत असं. नवख्याला नियम सांगावेत, तेही एकदाच. ठोकळा नियमाबाहेर लागला तर जरूर टोकावं. पण कमी गुणांची चाल ही चूक नव्हे, ती त्याची चाल. विचारल्याशिवाय सल्ला देणारा दोन हात खेळतो आणि समोरच्याला नुसतं हमाल करतो. खेळ सोपा असतो तो याचसाठी, की पहिल्याच डावात ज्याचं त्याला ठरवता यावं.

दुसऱ्या दिवशी वळीव आला, लाईट गेली. बॅटरीच्या उजेडात मला तांबडा आणि नारिंगी एकच दिसू लागले. मी खुशाल चुकीचा ठोकळा लावला. धाकटा म्हणाला, "आजोबा, हा नारिंगी आहे. उचला." त्या दिवशी त्याने माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही.

असो. डाव हिनेच जिंकला, हे सांगायला नकोच!