गाव सोडणं म्हणजे नक्की काय?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. "पोलादपूर ते डेहराडून गाडीने गेलास आणि प्रवासवर्णन नाही?" असं तिघाचौघा ब्लॉगमित्रांनी विचारून झालं. नातेवाइकांनी मात्र प्रवासाबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांचा एकच प्रश्न: गाव का सोडलंस? आणि त्याला जोडून दुसरा: आईला या वयात कुठे फरफटत नेलंस?

घरातलं भांडण चारचौघांत आणू नये हे मलाही कळतं. पण फोनवर माझं वाक्य कुणी पुरं होऊ देत नाही. इथे निदान शेवटपर्यंत बोलता येईल. :-)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत अठरा वर्षं नोकरी केली. राहायला महाडला भाड्याने, घर पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत. शनिवारी संध्याकाळी वाडीवर, सोमवारी पहाटे परत. मग डेहराडूनजवळ सेलाकुईला औषधांच्या कारखान्यात काम मिळालं. २०२४ चा पाडवा वाडीवर केला आणि त्याच आठवड्यात मी, बायको, मुलगी आणि आई असे चौघे निघालो. सामान ट्रकने पुढे गेलं होतं. गाडीत राहिले ते देव्हाऱ्यातले देव, नाचणीचं पीठ, कोकमं, आणि आईने मांडीवरून खाली ठेवू न दिलेलं पापडाचं पोलपाट-लाटणं. अंतर साधारण १८०० किलोमीटर, चार दिवस.

निघायच्या आदल्या रात्री ओटीवर बैठक बसली. विरारहून, दिव्याहून, नालासोपाऱ्याहून मंडळी खास आली होती. मोठे काका म्हणाले, "आपल्या घराण्यात आजवर कुणी गाव सोडला नाय." मी गप्प बसलो. तेव्हा गिळलेलं आज सांगतो.

काका, तुम्ही १९७४ साली मुंबईला गेलात. तुमची तिन्ही मुलं तिकडेच जन्मली. गणपतीचे पाच दिवस, शिमग्याचे तीन, मे महिन्यात एखादा आठवडा. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस धरले तर वाडीच्या वाट्याला पंधरा-सोळा येतात. बाकीचे साडेतीनशे दिवस तुमच्या खोलीला कुलूप असतं. मग गाव सोडलेला मी एकटा कसा? विरारला गेलं की "कामाला गेला" आणि डेहराडूनला गेलं की "गेला", हा हिशेब मला कळत नाही. एका रात्रीच्या एसटीच्या अंतरावर राहिलं की माणूस गावातच राहतो, अशी आपण आपली समजूत करून घेतली आहे.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. गाव लांब गेलेल्यांमुळे ओस पडत नाही. गाव ओस पडतं ते अर्धवट गेलेल्यांमुळे. पाय शहरात, नाव सातबाऱ्यावर आणि चावी खिशात.

मुंबईचं हे जाणं जिल्ह्यांच्या आकड्यांतही दिसतं. २००१ ते २०११ च्या दरम्यान रत्नागिरीची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. रायगडची मात्र २२ लाखांवरून २६ लाखांवर गेली. पण ही वाढ प्रामुख्याने पनवेलकडची. वरच्या टोकाला इमारती उभ्या राहतात आणि त्या आकड्याखाली आमच्या डोंगरातल्या वाड्यांची कुलपं झाकली जातात. जिल्हा वाढला म्हणून पोलादपूर भरलं असं होत नाही.

आमच्याच वाडीचं घ्या. जमीन पडीक का? डुकरं आणि वानरं पीक ठेवत नाहीत हे खरं. मजुरी परवडत नाही हेही खरं. पण तिसरं कारण कुणी उघड बोलत नाही. "दुसऱ्याला कसायला दिली तर कूळ लागेल." कूळकायदा १९४८ चा, कसणारा मालक ठरला तो कृषिदिन १ एप्रिल १९५७ चा. तेव्हा ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची भीती एक वेळ समजू. पण आज तिसऱ्या पिढीतला माणूस, ज्याला आपल्या खाचराचा बांध दाखवता येणार नाही, तोही शेजाऱ्याला नांगर घालू देत नाही. स्वतः करायचं नाही आणि दुसऱ्याला करू द्यायचं नाही. खाचरात करवंदीच्या जाळ्या वाढतात आणि त्याला आपण "वडिलोपार्जित" म्हणतो.

दुसरी गोष्ट जास्त जिव्हाळ्याची. गावी राहण्याचा उपदेश करणं सोपं आहे. राहतो कोण? २५ जुलै २००५ ला महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या. २२ जुलै २०२१ ला तळियेवर डोंगर आला, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही साखर-सुतारवाडी आणि केवनाळ्याला दरड कोसळली. आम्ही तेव्हा महाडला होतो. आमचा तळमजला पूर्ण पाण्याखाली, रात्रभर वरच्या शेजाऱ्यांच्या घरात. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. अजूनही जोराचा पाऊस लागला की ती उठून बसते. त्या रात्री तुमचे फोन आले, काळजीने आले, याबद्दल तक्रार नाही. पण "गाव सोडू नको" हे वाक्य ज्याच्या उशाखाली पाणी आलं त्याने म्हणावं. इतरांनी जरा जपून.

आता माझ्या विरुद्ध बाजूचं. कारण ते नाकारणं अप्रामाणिकपणा होईल.

प्रवासात पेण मागे टाकताना मला वरसईच्या विष्णुभट गोडशांची आठवण झाली. ते पेण तालुक्यातलेच. घरावर कर्ज होतं म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेला निघाले, दक्षिणा मिळवायला. मध्येच बंडाचा वणवा पेटला. झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिला, लुटले गेले, आणि परत आले ते गंगेची कावड घेऊन. त्यांचं "माझा प्रवास" १९०७ मध्ये छापलं गेलं. आम्हीही नाशिक, इंदूर, ग्वाल्हेर अशा आग्रा रोडनेच गेलो. त्यांना जिथे जीव मुठीत धरून चालावं लागलं, तिथे आम्ही टोल भरत आणि चहा पीत गेलो. गंमत म्हणजे चारही दिवसांत सगळ्यात जास्त खोळंबलो ते आपल्याच माणगाव आणि इंदापूरला. ज्या महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललं आहे, त्याच्यावर. असो.

काका म्हणतील, गोडसे परत आले ना! हो, आले. आणि इथेच माझी बाजू लंगडी पडते. उद्या वाडीत कुणी गेलं, तर विरारचा भाऊ रात्री निघून पहाटे पोचेल. मी पोचणार नाही. आईला इथे बोलायला माणूस नाही. शेजारीण "अम्माजी" म्हणून हाक मारते, आई हसते आणि पुढचं वाक्य येत नाही म्हणून घरात येते. चंबळच्या पुलावर तिने विचारलं होतं, "आपली सावित्री याच्यापुढे ओहोळच की रं?" मी हो म्हणालो. तर म्हणाली, "पण ती आपल्याला वळखते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. लांब जाण्याची किंमत असते आणि ती माझ्यापेक्षा आई जास्त मोजते आहे. हे मी कबूल करतो.

पण म्हणूनच निघण्याआधी एक गोष्ट केली, ज्याबद्दल तुमचा खरा राग आहे. घर आणि जमिनीतला माझा आणि आईचा हिस्सा धाकट्या वहिनीच्या नावे हक्कसोडपत्राने लिहून दिला. दादा गेल्यापासून गेली अकरा वर्षं त्या घरात चूल तिची पेटते. पावसाआधी कौलं ती फिरवून घेते. भाताची दोन खाचरं आणि वरकसात नाचणी, तीही तिचीच. आपण सगळे "आमचं घर" म्हणतो आणि झाडते ती. पेपरवर मात्र तिच्या कुटुंबाचा हिस्सा एक-पंचमांश. गळकी भिंत बांधायची तर पाच ठिकाणी सह्या मागत फिरायचं.

तुम्ही म्हणालात, भावनेच्या भरात वाडवडिलांचं वाटून टाकलं. मी म्हणतो, वाटून टाकलं नाही, राहणाऱ्याला दिलं. सांगलीकडचे खानापूर-आटपाडीचे गलाईवाले देशभरातल्या सराफ बाजारांत पसरले. ते लांब गेले म्हणून त्यांना कुणी गद्दार म्हणत नाही. आपल्याला लांब जाणं जड जात नाही, हातातली चावी सोडणं जड जातं.

तेव्हा काका, आत्या, विरार-दिव्याचे सगळे भाऊ, तुम्हीही माझ्यासारखं दूर या असं मी म्हणत नाही. तुमच्यापैकी एक जण जरी वाडीवर कायमचा राहायला जाणार असेल, तर मी जाहीर माफी मागीन, याच पानावर. जाणार नसाल तर निदान भिंतीच्या सह्या अडवू नका. उरलेल्या हिश्शांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण ठरवा. "बघू पुढच्या गणपतीला" हे मी लहानपणापासून ऐकतोय.

गणपतीला आम्ही येणार आहोत. आईने तारखा लिहून ठेवल्या आहेत. वहिनीच्या घरी पाहुणे म्हणून येऊ, तिला विचारून.

ता. क. नाशिकपासून पुढचं प्रवासवर्णन लवकरच. खलघाटला नर्मदेच्या काठी आईने पोलपाट-लाटणं मांडीवरून खाली का ठेवलं, ते त्यात सांगेन.